पेट्रोलचा कर आणि बॅरिस्टर जयकर : फेडरल कोर्टापुढचं आपल्या प्रांताचं प्रकरण

(रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज एका न्यायाधीशाबद्दल बोलायचं आहे. मुकुंद रामराव जयकर. पुण्याला शिकलेल्यांना विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय माहीत असतं. पण हे जयकर कोण, असं विचारलं तर बहुतेक जण कुलगुरू म्हणून थांबतात. ते कुलगुरू होतेच. पण त्याआधी, १९३७ साली, हिंदुस्थानचं फेडरल कोर्ट दिल्लीत सुरू झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी ते एक होते. आणि त्या कोर्टापुढे राज्यघटनेच्या अर्थाचा जो पहिला मोठा प्रश्न आला, तो आपल्या प्रांतातून गेलेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारचा पेट्रोलवरचा कर, हा तो प्रश्न.

तुम्ही आर्वीला किंवा पुलगावला पंपावर पेट्रोल भरता. त्या एका लिटरवर दिल्लीचं सरकार उत्पादन शुल्क घेतं आणि मुंबईचं सरकार वेगळा कर घेतं. एकाच वस्तूवर दोन सरकारांचे दोन कर कसे काय? याचं पहिलं उत्तर १९३८ साली दिलं गेलं, आणि ते देणाऱ्या तिघांत जयकर होते. म्हणून आज जयकरांचं चरित्र सांगायचं ते या प्रकरणाच्या अंगाने.

आधी फेडरल कोर्ट म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे शेतीत धुऱ्याचे वाद असतात. दोन भावांची वाटणी झाली, प्रत्येकाचं वावर ठरलं, पण धुरा नेमका कुठून जातो यावर तंटा सुरू. तेव्हा दोघांपैकी एकाने निकाल देऊन चालत नाही. तिसरा माणूस लागतो, आणि तो दोघांनाही मान्य असावा लागतो. संघराज्यात असंच असतं. काही अधिकार केंद्राचे, काही प्रांतांचे. वाटणी कागदावर लिहिलेली असते, पण कागदातल्या शब्दांचा अर्थ कोणी लावायचा? केंद्राने लावला तर प्रांत संपले. प्रांतांनी लावला तर केंद्र संपलं. म्हणून तिसरा माणूस म्हणजे कोर्ट.

हा प्रयोग लेखी घटनेच्या आधारे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा अमेरिकेने केला. १७८९ साली त्यांचं सुप्रीम कोर्ट कायद्याने उभं राहिलं, जॉन जे पहिले सरन्यायाधीश झाले. १७९० साली न्यूयॉर्कला पहिली बैठक भरली तेव्हा कोर्टापुढे एकही खटला नव्हता! आज आपल्याला सुप्रीम कोर्ट म्हटलं की फायलींचे ढीग दिसतात. सुरुवात अशी रिकाम्या टेबलावर झाली होती. १७९३ साली अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारने परराष्ट्र धोरणाबद्दल काही प्रश्न पाठवून न्यायाधीशांचा सल्ला मागितला. न्यायाधीशांनी नकार दिला. आमचं काम खटला निकाली काढण्याचं आहे, सरकारला सल्ला देण्याचं नाही, असा त्याचा मथितार्थ. हा नकार लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे याच्या उलट घडलं.

आता आपल्याकडे या. १९३५ चा भारत सरकार कायदा. त्यात योजना अशी होती की ब्रिटिश प्रांत आणि संस्थानं मिळून एक संघराज्य होईल. पण संस्थानिक काही आले नाहीत आणि संघराज्याचा भाग अमलातच आला नाही. प्रांतांची स्वायत्तता मात्र १ एप्रिल १९३७ पासून सुरू झाली, आणि १ ऑक्टोबर १९३७ ला फेडरल कोर्ट अस्तित्वात आलं. म्हणजे गंमत बघा, संघराज्य झालं नाही, पण संघराज्याचं कोर्ट झालं! सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर हे इंग्रज, या १९३५ च्या कायद्याच्या मसुद्याशी त्यांचा जवळचा संबंध होता. दुसरे सर शहा मुहम्मद सुलेमान, अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. तिसरे जयकर. दिल्लीच्या संसद भवनात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी बांधलेलं दालन होतं, तिथे हे कोर्ट बसायचं. ज्या संस्थानिकांनी संघराज्य होऊ दिलं नाही, त्यांच्याच दालनात संघराज्याचं कोर्ट.

तिघांत एक फरक होता. सुलेमान हायकोर्टाच्या न्यायाधीशपदावरून आलेले. ग्वायर कायदेतज्ज्ञ, सरकारी सेवेतले. जयकर मात्र राजकारणातून आलेले. जन्म १३ नोव्हेंबर १८७३. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९०५ पासून मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. वकिली उत्तम चालली. पण नाव झालं ते जालियनवाला बागेच्या चौकशीत. पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी करायला काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी होते, आणि मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाल्यावर त्यांच्या जागी जयकर आले. या समितीने सतराशेहून अधिक लोकांच्या जबान्या तपासल्या आणि त्यातल्या साधारण साडेसहाशे छापल्या. म्हणजे हजाराच्या वर बाजूला ठेवल्या. राग तर होताच, पण जे टिकणार नाही ते छापायचं नाही, ही शिस्त होती. न्यायाधीशाचं काम आणखी वेगळं काय असतं?

पुढे ते स्वराज्य पक्षात गेले, मुंबईच्या कायदेमंडळात पक्षाचे नेते झाले. १९२५ मध्ये आपल्या भागात एक घटना घडली. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, मध्य प्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच, त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. पक्षात वादळ उठलं. मोतीलालजी संतापले. जयकर, न. चिं. केळकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांचं म्हणणं पडलं की प्रत्येक वेळी नुसता अडवणुकीचा मार्ग बरोबर नाही, जिथे हाती सत्ता येते तिथे ती वापरावी. यातून प्रतिसहकार पक्ष निघाला. बहिष्काराच्या काळात ही भूमिका लोकप्रिय होणं शक्यच नव्हतं.

इथून जयकरांवर शिक्का बसला, मध्यममार्गी म्हणून. १९३० साली मिठाचा सत्याग्रह चालू होता. गांधीजी येरवड्याला, नेहरू पितापुत्र नैनीला तुरुंगात. सर तेजबहादुर सप्रू आणि जयकर हे दोघं तुरुंग आणि व्हाइसरॉय यांच्यामध्ये निरोप घेऊन हिंडले. ती बोलणी फसली. पण रस्ता खुला राहिला आणि मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यातही या दोघांची खटपट होती. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळीही हेच दोघं धावपळ करत होते.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जयकर नेहमीच मध्ये उभे नव्हते. डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याला सर्वपक्षीय अधिवेशन झालं. जिनांनी नेहरू अहवालात दुरुस्त्या मागितल्या. त्यांना ठामपणे विरोध करणाऱ्यांत जयकर पुढे होते, हिंदू महासभेची बाजू घेऊन. जिना तिथून रिकाम्या हाताने गेले. पुढे फाळणीचा इतिहास लिहिताना अनेक अभ्यासक या दिवसावर थांबतात. तेव्हा तडजोडीचा माणूस म्हणून जयकरांचा गौरव करताना हा दिवस झाकून ठेवता येत नाही.

आता पेट्रोलकडे. १९२७ साली केंद्र सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष कोण? जयकर. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. मोटारी वाढताहेत, रस्ते खराब होताहेत, आणि जिल्हा बोर्डांकडे पैसा नाही. तर पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा शुल्क घ्या, आणि तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. ही सूचना मान्य झाली आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. म्हणजे केंद्राने पेट्रोलवर जादा शुल्क घ्यावं, ही शिफारस करणारा माणूस आणि दहा वर्षांनी पेट्रोलच्या कराचा निवाडा करणारा माणूस एकच.

आपल्या प्रांतात १९३७ ला काय चाललं होतं? त्या जुलैमध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यालाच झाली आणि तिथे प्रांतात मंत्रिमंडळं बनवायला परवानगी मिळाली. ज्या कायद्याला काँग्रेस गुलामीचा दस्तऐवज म्हणत होती, त्याच कायद्याखाली सरकार चालवायचं ठरलं. नागपूरला आधी डॉ. ना. भा. खरे आणि १९३८ मध्ये त्यांच्यानंतर रविशंकर शुक्ल मुख्य झाले. आता सरकार म्हणजे खर्च. शाळा हव्यात. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद होऊन नई तालीमची योजना पुढे आली होती. दारूबंदी हवी, म्हणजे अबकारीचं उत्पन्न बुडणार. मग पैसा आणायचा कुठून? शेतसारा वाढवणं शक्य नाही, कापसाचे भाव आधीच पडलेले. तेव्हा मोटार कोणाकडे होती? वर्धा जिल्ह्यात किती जण गाडी बाळगत असतील, तुम्हीच विचार करा. म्हणून १९३८ मध्ये प्रांताने कायदा केला, पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या पाच टक्के कर.

दिल्लीचं म्हणणं पडलं, थांबा. १९३५ च्या कायद्यात हिंदुस्थानात तयार होणाऱ्या मालावरचं उत्पादन शुल्क हा केंद्राचा अधिकार आहे. पेट्रोलवर आम्ही ते घेतोच. तुमचा विक्रीवरचा कर म्हणजे नाव बदललेलं उत्पादन शुल्क आहे. नागपूरचं उत्तर, मालाच्या विक्रीवरचा कर ही नोंद प्रांतांच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहे. आम्ही उत्पादनाला हात लावलेला नाही, पंपावरच्या विक्रीवर कर घेतो.

धुऱ्याचाच वाद. दोघांकडे कागद, दोघांचा शब्द खरा.

गव्हर्नर जनरलने कलम २१३ खाली हा प्रश्न सल्ल्यासाठी फेडरल कोर्टाकडे पाठवला. अमेरिकेच्या न्यायाधीशांनी १७९३ मध्ये सल्ला द्यायला नकार दिला, आपल्या कोर्टाने दिला, कारण १९३५ च्या कायद्यातच तशी तरतूद होती. तीच तरतूद पुढे आपल्या राज्यघटनेत कलम १४३ म्हणून आली. राष्ट्रपती आजही सुप्रीम कोर्टाचा सल्ला मागतात, त्याची मुळं इथे आहेत.

डिसेंबर १९३८ मध्ये मत जाहीर झालं. तिघांनी वेगवेगळी मतं लिहिली, निष्कर्ष एकच. प्रांताचा कायदा वैध.

त्यामागचा विचार साध्या भाषेत असा. कायद्यात दोन नोंदी आहेत. उत्पादन शुल्काचा अर्थ सगळ्यात रुंद लावला, तर कारखान्यातून माल निघाल्यापासून तो गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कुठेही घेतलेला कर त्यात बसेल. मग प्रांतांच्या विक्रीकराच्या नोंदीत उरतं काय? काहीच नाही. कायदा करणाऱ्याने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा अर्थ लावणं बरोबर नाही. दोन्ही नोंदींना जागा मिळेल असा अर्थ लावायचा. तेव्हा केंद्राचं शुल्क माल तयार होण्याशी जोडलेलं, आणि तयार माल बाजारात आल्यावर त्याच्या विक्रीवर कर घ्यायला प्रांत मोकळा. धुरा पडला.

यात माझ्या मते महत्त्वाचं काय आहे? या कोर्टाचे न्यायाधीश ब्रिटिश राजाने नेमलेले. सरन्यायाधीश त्या कायद्याच्या घडणीतला. जयकरांनी स्वतः केंद्राच्या पेट्रोल शुल्काची शिफारस केलेली. समोर एका बाजूला भारत सरकार, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचं प्रांतिक सरकार, ज्या काँग्रेसशी जयकरांचं बारा वर्षांपूर्वी फाटलेलं. अंदाज बांधायचा तर सगळे धागे दिल्लीकडे जात होते. निकाल नागपूरकडे गेला. कोर्ट कोणाचं आहे, हे त्याच्या नेमणुकीच्या कागदावरून पूर्ण कळत नाही. ते निकालावरून कळतं.

आणि काँग्रेसच्या बाजूनेही बघा. ज्या कायद्याला तिने नाकारलं, त्याच कायद्याच्या कोर्टात प्रांताची बाजू उभी राहिली आणि जिंकली. जयकर १९२५ पासून जे म्हणत होते, की हाती आलेली सत्ता वापरा, त्याचंच हे एक उदाहरण झालं.

पण जयकर या कोर्टावर किती दिवस राहिले? दीड वर्षही नाही. १९३९ च्या सुरुवातीला ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले, त्यांच्या जागी वरदाचारियर आले. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट. आपल्याकडचा जमिनीचा दावा वर्ध्याहून नागपूरला, १९३६ नंतर नागपूर हायकोर्टात, आणि मोठा असेल तर थेट लंडनला जायचा. तेव्हा वर जाणं स्वाभाविक होतं. अमेरिकेतही पहिल्या पिढीच्या न्यायाधीशांनी कोर्टाला शेवटचा मुक्काम मानलं नव्हतं. जॉन जे १७९५ मध्ये सरन्यायाधीशपद सोडून न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. नव्या कोर्टाची प्रतिष्ठा माणसं तिथे टिकल्यावर वाढते. जॉन मार्शल १८०१ मध्ये आले आणि चौतीस वर्षं राहिले, म्हणून ते कोर्ट मोठं झालं. जयकर टिकले असते तर आपल्याकडे काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच.

पुढचा टप्पा संविधान सभेचा. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ तारखेला जयकरांनी दुरुस्ती सुचवली. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून आलेले नाहीत, ते येईपर्यंत यावर मत घेऊ नका. सभागृह चिडलं. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकर बोलले आणि थांबण्याच्या बाजूने बोलले. ठराव शेवटी २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. म्हणजे महिनाभर थांबणं झालंच. लीग काही आली नाही. जयकरांची आशा फोल ठरली, पण गैरहजर पक्षाची वाट बघावी, ही सवय न्यायाधीशाची होती.

मग जयकरांनी सभेचा राजीनामा दिला. तेव्हा काय झालं बघा. डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते, आणि फाळणीमुळे त्यांची जागा जाणार होती. ३० जून १९४७ ला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं, की जयकरांच्या रिकाम्या जागेवर आंबेडकरांना निवडून द्या. जुलैमध्ये ते निवडून आले, आणि ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. जयकरांनी ती जागा आंबेडकरांसाठी सोडली, असं मी म्हणणार नाही. पण जागा त्यांचीच होती.

महाराष्ट्रासाठी विद्यापीठ हवं म्हणून १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जयकर होते. ते विद्यापीठ पुण्यात झालं आणि ते पहिले कुलगुरू झाले. १० मार्च १९५९ ला त्यांचं निधन झालं.

फेडरल कोर्ट २६ जानेवारी १९५० ला संपलं आणि त्याच दालनात सुप्रीम कोर्ट सुरू झालं, १९५८ पर्यंत तिथेच होतं. विक्रीकराची नोंद राज्यांच्या यादीत ५४ क्रमांकाला आली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, अनेक अप्रत्यक्ष कर त्यात गेले. पण पेट्रोल आणि डिझेलवरच्या विक्रीकराचा अधिकार राज्यांनी सोडला नाही. का सोडला नाही, हे १९३८ च्या नागपूरकरांना सांगावं लागलं नसतं. राज्याच्या हातात स्वतःचा म्हणावा असा जो थोडा पैसा उरतो, त्यातला मोठा भाग हा आहे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, दोन्ही सरकारं कर घेतात म्हणून तर पेट्रोल महाग आहे. मग तो निकाल लोकांच्या फायद्याचा कसा?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. कोर्टाने दर ठरवला नव्हता. दर किती असावा हे निवडून आलेल्या सरकारने ठरवायचं, आणि ते जास्त वाटलं तर मतदाराने जाब विचारायचा. कोर्टाने एवढंच सांगितलं की जाब कोणाला विचारायचा. उत्पादन शुल्काचा दिल्लीला, विक्रीवरच्या कराचा राज्याला. १९३८ ला पाच टक्के होता. आज किती आहे ते पंपाच्या पावतीवर सहसा वेगळं दाखवत नाहीत. ते दाखवा, ही मागणी तुम्ही करू शकता.

प्रश्न : राजकारणातला माणूस न्यायाधीश व्हावा का?

उत्तर : जयकरांचं उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं. कलकत्त्याचं भाषण आठवलं तर नको वाटतं, पेट्रोलचं मत वाचलं तर चालेल वाटतं. मी एवढं म्हणेन की माणूस कुठून आला याची नोंद ठेवा, पण हिशोब त्याने दिलेल्या निकालांचा करा. आणि निकाल स्वतः वाचा. १९३८ चं ते मत वकिलालाच समजेल असं नाही. धुऱ्याचा वाद ज्याने पाहिला आहे, त्याला ते समजतं.